दलदलीत बसणारी मोठी

घरात ती थोरली, म्हणून सगळे तिला मोठी म्हणायचे. पाठची बहीण धाकटी आणि ही मोठी, इतका साधा हिशेब होता. पण शाळेच्या वयात कधीतरी त्या शब्दाचा अर्थ बदलला, आणि तो नेमका कोणी बदलला हे तिला कधीच कळलं नाही. हाक तीच, पण मारणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, कारण पुढे बसली की मागून "फळा दिसत नाही" असा ओरडा व्हायचा. फोटो काढायच्या वेळी ती कुणाच्या तरी खांद्यामागे सरकायची. दोन्ही बाजूंना हात असलेल्या खुर्चीत बसायची वेळ आली तर म्हणायची, "उभीच बरी आहे हो, दिवसभर बसूनच तर असते." आणि खरं म्हणजे दिवसभर ती उभीच असायची.

नवरा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. लग्न झाल्यावर त्याने तिचं माप एकदाच घेतलं, पुढे कधी टेप लावली नाही. नजरेने ओळखायचा आणि दर खेपेला शिवण जराशी सैल सोडायचा. यावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही, आणि मोठीच्या मते त्यांच्या संसारातली ती सर्वांत मोठी मेहेरबानी होती.

एका संशोधन संस्थेत ती काचेच्या बाटल्या धुवायला लागली. पुढे तिथे एक नव्या शास्त्रज्ञ बाई रुजू झाल्या. मातीतून, रानातून, दलदलीतून हवेत कोणते वायू सुटतात आणि हवेतले किती परत मुरतात, याची मोजदाद हा त्यांचा विषय. शहराबाहेर विस्तीर्ण दलदल होती, तिथे मोजणी करायची म्हणून त्यांना माणूस हवं होतं. दोन-तीन जण जाऊन आले आणि चिखलाला, डासांना, ओल्या मोज्यांना कंटाळून परतले. मग मोठी स्वतःहून म्हणाली, "बाई, मी येऊ का?"

"तुम्हाला जमेल?" बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांची नजर जेमतेम क्षणभर खाली-वर झाली. मोठीने ती पकडली. असल्या नजरा पकडण्यात तिचा हातखंडा होता.

तिला जमलं. दलदल म्हणजे वर्षानुवर्षं गवत आणि शेवाळ कुजून साचलेला थर. माणूस बुडेल इतका खोल, पाण्याने फुगलेला, पाऊल टाकलं की गादीसारखा दबणारा. त्यावर नुसत्या फळ्या टाकून वाट केली होती. थराच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही तिथे, जंतू गवत कुजवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो. तो वर येऊन हवेत मिसळला की हवा तापवतो. तो किती सुटतो हे मोजायचं. त्यासाठी थरात जागोजागी रुंद प्लास्टिकची कडी रुतवून ठेवलेली होती. कड्याच्या खाचेत पाणी भरायचं, त्यावर एक पेटी पालथी घालायची, की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. पेटीतून दोन नळ्या पाठीवरच्या, वायू मोजणाऱ्या यंत्रात जायच्या. बाजूच्या फळीवर छोटं स्टूल टाकून बसायचं आणि पडद्यावरची रेघ चढताना बघायची. रेघ जितकी उभी चढेल, तितका वायू जास्त.

पेटी ठेवणं ही मोठीची खासियत होती. झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी ती ठेवायची. श्वास रोखून, चारी बाजू एकदम, खाचेतलं पाणी तसूभरही न हिंदकळवता. बाई म्हणायच्या, "ताईंसारखा हात नाही कुणाचा." कामावर सगळे तिला ताईच म्हणत, आणि त्या हाकेत कुणाचे ओठ हलत नसत. तिथे आरसे नव्हते, खुर्च्या नव्हत्या, गर्दी नव्हती. गुडघ्यापर्यंतचे बूट, नवऱ्याने शिवलेला मोठ्या खिशांचा डगला, पाठीवर यंत्र. या अवतारात सगळीच माणसं बोजड दिसतात. मोठी तिथे आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही आड न येता बसली.

तीन वर्षं तिने एकटीने मोजलं. त्यातून निघालं ते असं, की ही दलदल कुणालाही वाटलं होतं त्याच्या जवळपास दुप्पट मिथेन सोडते. बाईंचा निबंध छापून आला. लांबलांबून पत्रं आली, पाहुणे आले, भाषणांची आमंत्रणं आली. संस्थेच्या सभागृहात बाईंचं व्याख्यान झालं तेव्हा शेवटी त्या म्हणाल्या, "हे आकडे ज्या हातांनी आणले त्या ताई दाराशी उभ्या आहेत." सगळं सभागृह वळलं. टाळ्या पडल्या. एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत आणि आपल्याला कुठे लपावंसं वाटत नाहीये, याचंच मोठीला नवल वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने नवऱ्याला ती गोष्ट तीनदा सांगितली.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. धाकटी परगावी, म्हणून मोठीने रजा टाकली आणि तिच्या जागी नव्याने लागलेला तंत्रज्ञ गेला. तिशीतला, लग्न झालेला, पण अंगाने इतका किडकिडीत की आल्या दिवसापासून त्याचं नाव 'काडी' पडलं होतं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे, फोनवरही तो "हां, काडी बोलतोय" म्हणायचा. मोठीला याचा हेवा वाटायचा. असं स्वतःच्या अंगावर हसता येणं म्हणजे चैनच.

मोठी परत आली तर बाईंच्या टेबलावर काडीचे आकडे पसरलेले. निम्मे. तीच कडी, तोच मोसम, तेवढंच पाणी, आणि आकडे मात्र निम्मे.

"काय झालं असेल?" बाईंनी विचारलं.

मोठीला उत्तर माहीत होतं, किंवा तसं तिला वाटलं. तिने सगळ्यांसमोर काडीला उभं केलं. गाडीचा ड्रायव्हर होता, आकडेमोड करणारा होता, बाई होत्या. "पेटी कशी ठेवलीस दाखव," ती म्हणाली. काडीने टेबलावर ठेवून दाखवली. "हे बघा! एक बाजू आधी टेकली. पाण्याची खाच भरली होतीस का काठोकाठ?"

"भरली होती, ताई."

"मग वायू गेला कुठे? पाय फुटले त्याला? अरे, फट राहिली असणार. वायू बाहेर पळाला आणि तू रेघ बघत बसलास. हे काम म्हणजे डब्याला झाकण लावणं नाही. मन लावून करावं लागतं."

काडीचे कान लाल झाले. मोठीच्या ते लक्षात आलं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते बरंही वाटलं.

बाई म्हणाल्या, "उद्या आपण सगळेच जाऊ. दोघांनी एकाच कड्यावर मोजा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सगळे फळ्यांवरून एकामागून एक आले. पहिल्यांदा काडीने मोजलं. रेघ सावकाश चढली. मग मोठी. तिने खाच भरली, पेटी ठेवली, जशी ती ठेवायची तशीच, देखणी. काडीसुद्धा मान तिरकी करून बघत राहिला. मग ती स्टुलावर बसली आणि रेघ तरातरा वर निघाली. मोठीने बाईंकडे विजयाने पाहिलं.

बाई रेघेकडे बघत नव्हत्या. त्या फळीकडे बघत होत्या. स्टूल ठेवलेल्या जागी फळी थरात दबली होती, आणि तिच्या दोन्ही कडांनी पाण्यातून बारीक बारीक बुडबुडे येत होते.

"ताई," बाई हळूच म्हणाल्या, "पेटी तशीच राहू द्या. यंत्र काडीकडे द्या, आणि तुम्ही जरा उठून लांब, तिकडे उंचवट्यावर जाऊन उभ्या राहता?"

मोठी उठली. फळी सुस्कारा टाकल्यासारखी वर आली. ती उंचवट्यावर पोचून वळेपर्यंत काडीच्या हातातल्या पडद्यावर रेघ लवंडली होती.

"आता परत या. बसा."

ती आली, बसली. रेघ चढली.

"पुन्हा उठा."

ती उठली. रेघ लवंडली. हे किती वेळा झालं, तिने मोजलं नाही. आपल्या वजनाने थर दबतो, त्याच्या पोटातलं पाणी आणि वायू पेटीखाली ढकलला जातो, आणि तीन वर्षं आपण तेच मोजत बसलो, हे कुणी सांगायच्या आधीच तिला उमगलं. ड्रायव्हर, स्वभावाने वाईट नसलेला माणूस, नकळत बोलून गेला, "च्यायला, ताई बसल्या की दलदलीचा दम निघतो!" आणि हसला. आकडेवालाही हसला, मग त्याने खोकल्याचं सोंग केलं. काडी हसला नाही. तो पडद्याकडेच बघत राहिला, आणि मोठीला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

धरणीने पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं तेव्हा धरणी सहसा ऐकत नाही. ही ऐकण्यातली होती. फळीवरून एक पाऊल बाजूला टाकायचा अवकाश. मोठीने फळी सोडली नाही. तिने पेटी उचलली, नळ्या गुंडाळल्या, आणि गाडीत नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर बसली. ती पुढची सीट आपल्याला मान म्हणून मिळत होती की मागे तिघांना जागा उरावी म्हणून, हा विचार तिच्या डोक्यात तोवर कधी आला नव्हता. परतीच्या वाटेवर तो एकच विचार होता. बाई अधूनमधून म्हणत होत्या, "यात तुमचा काही दोष नाही हां, ताई. चूक माझी. फळ्या थरावर टाकायलाच नको होत्या." त्या जितक्या वेळा म्हणाल्या, तितक्या वेळा मोठी दाराकडे आणखी सरकली.

घरी तिने काही सांगितलं नाही. "भूक नाही, पोट बरं नाही," म्हणून ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने शिलाई यंत्रावरून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तिकडे संस्थेत धावपळ चालली होती. निबंध तर छापला गेलेला. तो मागे घ्यायचा की दुरुस्त करायचा? आकडेवाल्याने वाट सुचवली. वेगवेगळ्या वजनाच्या माणसांना त्याच स्टुलावर बसवून बघायचं, कुणाच्या बसण्याने किती जादा वायू निघतो त्याचा नियम बांधायचा, आणि जुन्या आकड्यांतून तेवढा वजा करायचा. म्हणजे तीन वर्षं वाया जाणार नाहीत. त्या चाचणीच्या दिवशी मोठीने अंगात ताप असल्याचं कळवलं. ताप वगैरे काही नव्हता. पंखा लावून ती पलंगावर पडून होती आणि सगळे आळीपाळीने त्या स्टुलावर बसताहेत, हसताहेत, असं तिला दिसत होतं.

परत गेली तेव्हा बाईंनी बैठक घेतली. बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आता फक्त एवढंच करायचं, की प्रत्येकाने आपापलं वजन आकडेमोडीसाठी याच्याकडे कळवायचं. प्रत्येकाने. माझंसुद्धा दिलंय मी." मोठीला कळलं की इतरांची वजनं आकडेवाल्याकडे आधीच आहेत. ते 'प्रत्येकाने' फक्त तिच्यासाठी होतं.

तिला आपलं वजन माहीत होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सने "तुमचंही करून टाकू" म्हणत तिला काट्यावर चढवलं होतं. तो आकडा तिने तिथेच टाकून यायचा ठरवला होता, पण आकडे तसे ऐकत नाहीत. आकडेवाल्याला निरोप पाठवताना तिचं बोट थबकलं. खरा आकडा लिहिला. पुसला. मग त्या आकड्यातून एक शाळकरी पोर वजा केलं आणि उरलेलं पाठवून दिलं. पाठवल्यावर छातीत जे झालं त्याला सुटका म्हणवत नव्हतं. मोजणीतला एक दशांशही इकडचा तिकडे न करणारी बाई होती ती. एकदा यंत्राची नळी निसटली होती तेव्हा अख्ख्या दिवसाचे आकडे तिने स्वतः फेकून दिले होते.

आठवडा गेला, दुसरा गेला. आकडेवाला वैतागलेला दिसू लागला. एक दिवस त्याने बाईंच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. "नियम छान बसतोय. काडीचा बसतो, ड्रायव्हरचा बसतो, बाईंचा बसतो. ताईंचाच बसत नाही. त्यांच्या वजनाने जेवढा जादा वायू निघायला हवा, त्यापेक्षा खूपच जास्त त्या दिवशी फळीवर निघाला होता. म्हणजे नुसतं वजन नाही. आणखी काहीतरी आहे."

"काय असेल?" बाई म्हणाल्या.

"पेटी." तो मोठीकडे न बघता बोलला. "पेटी जोरात ठेवली, आपटली, की थराला हिसका बसतो आणि आतले बुडबुडे सुटतात. तीन वर्षं रोज जर पेटी आदळली गेली असेल, तर मग त्या आकड्यांचं काहीच करता येणार नाही. सगळेच टाकावे लागतील."

काडीने मान वर केली. "ताई पेटी आपटत नाहीत," तो म्हणाला. "मी पाहिलंय."

"मग दुसरं काय कारण असेल, तू सांग."

बाईंनी डोळे मिटून कपाळ चोळलं. "ठीक आहे. विचार करते. बहुतेक टाकूनच देऊ सगळं. नको तो घोळ."

मोठी तशीच उभी होती. बोलायचं तर ते आत्ताच, हे तिला कळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या खोलीत समजलं. तिच्या अंगाला सगळे हसले ते तिने सोसलं होतं. पण तिच्याजवळ स्वतःचं म्हणून जे एकच काही होतं, तो हात, त्याच्यावर तिनेच डाग लावला होता. आणि ज्याला तिने चारचौघांत 'हे डब्याला झाकण लावणं नाही' म्हणून झाडलं, तोच एकटा तिच्या बाजूने बोलला होता.

संध्याकाळी ती थेट दुकानात गेली. नवरा एका पँटची कंबर उसवत होता.

"अहो, मी एक घाण करून ठेवलीय," ती म्हणाली आणि स्टुलावर बसायच्या ऐवजी दाराच्या चौकटीला टेकली.

तिने सगळं सांगितलं. फळी, बुडबुडे, हसणं, निरोप, पेटी. नवरा उसवत राहिला. सांगून झाल्यावर म्हणाला, "कमी सांगितलंस तर त्यात काय एवढं? सगळेच सांगतात. माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माप घेताना पोट आत ओढतं."

"आणि मग?"

"मग काय? कपडा घट्ट होतो."

"आणि बोलणी कुणाला बसतात?"

"मला." त्याने पँट वर धरली. "हे काय करतोय मग? यानेही पोट आत ओढलं होतं. परवा येऊन म्हणाला, तुम्हाला शिवताच येत नाही."

मोठी बघत राहिली. आपण काय बोललो ते त्यालाही बहुधा मागाहून लक्षात आलं, कारण त्याने घाईघाईने पँट खाली ठेवली. "तसं नाही गं म्हणायचं मला..."

"तसंच आहे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत आहे माझं वजन?"

"वजन नाही. माप माहीत आहे."

"लाज वाटते तुम्हाला?"

"मागे चार दिवस जेवली नाहीस, त्याची वाटली," तो म्हणाला. "शेजारीण विचारत होती, भांडण झालं का म्हणून." तिला हसू आलं नाही, पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. मातीच्या गोण्या तोलायचा मोठा काटा मागच्या खोलीत होता. त्याची तबकडी भिंतीकडे तोंड करून बसवलेली, म्हणजे बाजूला उभं राहूनच वाचता येई, वर चढणाऱ्याला आपलं आपण नाही. मोठीला त्याचा जितका राग आला तितका बहुधा जगात कुणाला काट्याचा आला नसेल. ती तशीच थांबून राहिली. पहिला आला तो काडी.

"जरा इकडे ये," ती म्हणाली. "मी चढते. तू वाच."

काडी गडबडला. "ताई, कशाला..."

"मी खोटा आकडा दिला होता. म्हणून तुमचा नियम बसेना." तिने एका दमात सांगून टाकलं. "आणि त्या दिवशी तुला नाही नाही ते बोलले. तुझी पेटी नीटच होती. माझंच चुकलं."

काडीने उगाच हात पुसले. मग म्हणाला, "मग बूट घाला. आणि यंत्र पाठीवर घ्या. तिथे बसता तेव्हा ते असतंच ना." तो लगबगीने जाऊन दोन्ही घेऊन आला. तिने बूट चढवले. त्याने यंत्राचे पट्टे तिच्या खांद्यावर बसवून दिले. ती काट्यावर चढली. काटा करकरला.

काडी काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं, आता स्पष्ट. तो आकडा मोठीने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून, मोठ्या आवाजात ऐकला. खोलीत गोण्या होत्या, फावडी होती, ओल्या मातीचा वास होता. छत कोसळलं नाही. पण तिचा चेहरा तापला, मान तापली, आणि काट्यावरून उतरताना तिने काडीचा पुढे आलेला हात धरला नाही.

बाईंना सांगणं त्याहून कठीण गेलं. त्या ऐकून घेत होत्या. मध्ये एकदाही "असू दे हो" म्हणाल्या नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, दोन आठवडे. दोन आठवडे मला झोप नाही. मी मागे घेत असल्याचं पत्र लिहून ठेवलं होतं."

"हो, बाई."

"तीन वर्षं गेली असती."

"हो."

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि लगेच मागे वळल्या, जणू आपण पुन्हा खिडकीशी का गेलो हे त्यांनाच खटकलं. "आणि खरं सांगू? तो आकडा पाहिला त्याच दिवशी मला कळलं होतं. डोळे आहेत मला. यालाही कळलं होतं," त्या आकडेवाल्याच्या टेबलाकडे हात करत म्हणाल्या. "दोघंही गप्प बसलो. तुम्हाला विचारायचं कसं, याचाच संकोच. म्हणून पेटीवर ढकललं. तुम्ही पेटी आपटत नाही हे ठाऊक असून."

मोठीला हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. खोटं आहे हे माहीत होतं, का बोलली हेही माहीत होतं, आणि तिला ओशाळं वाटू नये म्हणून शहाणीसुरती माणसं तीन वर्षांची मेहनत कचऱ्यात टाकायला निघाली होती. एवढी कीव तिची आजवर कुणी केली नव्हती. तिला वाटलं, यापेक्षा ड्रायव्हरचं हसणं बरं होतं.

"पुढच्या वेळी विचारा," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला. "मी चिडेन. रडेनही. पण विचारा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचेही कान लाल झाले होते.

खऱ्या वजनाने नियम बसला. जुन्या आकड्यांतून जादा वायू वजा झाला आणि दुरुस्ती छापून आली. दलदल दुप्पट वगैरे काही सोडत नव्हती. उरलेला आकडा साधा होता, त्यावर कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. भाषणांची आमंत्रणं थांबली. एका परिषदेत कुणीतरी बाईंना खोचकपणे विचारलं म्हणे, "तुमची दलदल सध्या कशी आहे?" छापलेल्या दुरुस्तीत मोजणाऱ्यांची नावं नव्हती, नुसतं पहिली व्यक्ती, दुसरी व्यक्ती, आणि समोर वजनं. संस्थेतल्या कुणालाही चौथी व्यक्ती कोण हे विचारावं लागलं नसतं. मोठीने ते पान एकदा पाहिलं, आणि धाकटीने फोनवर "तुमच्या कामाचं काहीतरी आलंय म्हणे छापून" असं विचारलं तेव्हा, "असंच काहीतरी, तुला कळायचं नाही," म्हणून विषय बदलला. तेवढं खोटं ती पुढेही बोलत राहिली.

दलदलीत मग नवी वाट झाली. थराच्या तळाशी कठीण जमिनीपर्यंत खांब ठोकून त्यावर पूल बांधला, म्हणजे माणसाचं ओझं थरावर यायला नको. पेटी लांब दांड्याने ठेवायची आणि लांब नळ्यांनी पुलावरूनच मोजायचं. दांड्याने पेटी अलगद ठेवणं म्हणजे चमच्याने सुईत दोरा ओवण्यासारखं. महिनाभर मोठीला ते जमेना, काडीला तिच्याआधी जमलं. त्याने तिला शिकवलं. शिकवताना तो "ताई, एक बाजू आधी टेकतेय" म्हणाला आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. मोठी म्हणाली, "मग नीट दाखव की." पुढे तिचा हात बसला. काम राहिलं. दलदलीतलं ते जुनं निवांतपण मात्र परत आलं नाही. फळी नसली तरी बसताना ती आधी खाली, पाण्याकडे बघायची.

एकदा दुसऱ्या संस्थेतली काही तरुण मंडळी काम बघायला आली. बाई गावाला गेलेल्या, म्हणून त्यांना फिरवायचं मोठीवर आलं. पुलावरून जाताना एकीने विचारलं, "एवढे खांब कशाला? साध्या फळ्या टाकल्या तर चालत नाहीत?"

"नाहीत," मोठी म्हणाली. "माणसाच्या वजनाने थर दबतो आणि वायू वर येतो. आकडे चुकतात."

"कितीचा फरक पडतो?"

"ते माणसावर असतं."

एवढ्यावर भागलं असतं. ती मुलगी मान डोलावून पुढे निघालीही होती. मोठीच्या चेहऱ्यावर ऊन होतं की आतूनच रक्त चढत होतं, कोण जाणे. तिने कठड्याला धरलं.

"माझ्या वेळी जवळपास दुप्पट पडला होता," ती म्हणाली. "तीन वर्षं. मग मला काट्यावर चढवून हिशेब दुरुस्त करावा लागला."

मंडळी थांबली. कुणाला हसावं की नाही ते कळेना, म्हणून कुणीच हसलं नाही. कुणीतरी खाली पाण्यात बघितलं. मोठीचे कान तापलेले होते, आणि ते तापलेलेच राहिले. तिने दांडा उचलला, पेटी त्याला अडकवली आणि म्हणाली, "सरका जरा, दाखवते. आणि बोलू नका कुणी, पेटी टेकेपर्यंत."